जोनाथनची पाठ: कासवाला कवचातून स्पर्श कसा कळतो

मार्च २०१६ मध्ये दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर एका कासवाला आंघोळ घातली गेली आणि त्या आंघोळीची बातमी जगभर छापून आली. कासवाचं नाव जोनाथन, वय सुमारे १८४ वर्षं. बेटाचे तेव्हाचे पशुवैद्य जो हॉलिन्स यांनी लूफा, मऊ ब्रश आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर हात धुतात तसला साबण घेऊन त्याच्या पाठीवरचा एकेक पट्टा घासून काढला. वर्षानुवर्षांची काळी पुटं निघाली, पक्ष्यांची वाळलेली शीट निघाली. राजघराण्यातलं कुणीतरी बेटावर येणार होतं, त्याची ही तयारी.

वाचणाऱ्यांना अप्रूप वाटलं ते वयाचं. मी मात्र एका साध्या तपशिलापाशी अडलो. हॉलिन्स यांचं म्हणणं असं की जोनाथनला हा सगळा प्रकार आवडलेला दिसला. आता आवडला म्हणजे नक्की काय झालं? घासली जात होती ती पाठ, आणि कासवाची पाठ म्हणजे आपल्या लेखी दगड.

आजोळी शंकराच्या देवळात नंदीपुढे जमिनीत बसवलेलं खरोखरचं दगडी कासव होतं. येणारा-जाणारा वाकून त्याच्या पाठीला हात लावायचा आणि तोच हात कपाळाला. हात लागून लागून ती पाठ काळीभोर, तुळतुळीत झाली होती. मीही लावायचो. कासव म्हणजे ज्याला बाहेरचं काही लागत नाही, जे सगळं आत ओढून निवांत बसतं, ही समजूत माझ्या मनात त्या दगडातूनच उतरली असणार. इंद्रियं आवरलेल्या माणसाला आपण उपमा देतो तीही कासवाचीच. हातपाय आणि मान आत गेली की कासवापुरतं जग संपलं, असंच आपण धरून चालतो. उरलेल्या कवचाला काही कळत असेल, हे मनातच येत नाही.

ही समजूत तपासून पाहायला जोनाथनसारखं दुसरं प्रकरण नाही. जग कळण्याच्या त्याच्या बाकीच्या वाटांपैकी दोन वयानं बंद केल्या आहेत.

कासव आणि त्याचं बेट

नेपोलियनला जिथं कैदेत ठेवलं आणि १८२१ मध्ये जिथं तो वारला, तेच हे सेंट हेलेना. जोनाथन तिथं आला १८८२ मध्ये, हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरून, आणखी तीन कासवांच्या सोबतीनं, जहाजातून. आला तेव्हा तो पूर्ण वाढलेला होता अशी नोंद आहे. एवढी वाढ व्हायला निदान पन्नास वर्षं लागतात, म्हणून त्याचा जन्म १८३२ चा धरतात. म्हणजे पेशवाई बुडून चौदा वर्षं झाली होती आणि बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटायला अजून एकवीस वर्षं होती. पुढे २०२२ मध्ये गव्हर्नरांनी ४ डिसेंबर १८३२ ही त्याची अधिकृत जन्मतारीखच ठरवून टाकली. त्याच वर्षी गिनीजच्या नोंदीत तो आजवरचा सर्वांत वयस्क कासव ठरला. त्याआधीचा मान टोंगा बेटांवरच्या तुई मलिला या कासवाकडे होता, किमान १८८ वर्षांचा.

तो राहतो प्लँटेशन हाऊसच्या आवारात. गव्हर्नरांचं हे निवासस्थान अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीनं बांधलं. १८८६ च्या सुमाराचं एक छायाचित्र आहे, त्यात हा याच आवारात गवत खाताना दिसतो, आणि तेव्हाही अंगानं आजच्याएवढाच. जोनाथन हे नाव त्याला १९३० च्या दशकात गव्हर्नर स्पेन्सर डेव्हिस यांनी दिलं. बेटाच्या ५ पेन्सच्या नाण्यावर त्याची आकृती आहे.

आता त्याच्या प्रकृतीकडे येतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे दिसणं जवळजवळ संपलेलं. वास येत नाही. ऐकू मात्र चांगलं येतं. ओळखीच्या माणसाचा आवाज आला की तो मान वळवतो. संतांच्या अभंगांत कासवी नुसत्या नजरेनं पिलांना वाढवते, कूर्मदृष्टी हा शब्दच त्यावरून आला. इथं नजरच उरलेली नाही.

दिसणं आणि वास दोन्ही गेल्याचा फटका आधी पोटाला बसला. चरणाऱ्या प्राण्याला कोवळं गवत कुठं आणि मातीचं ढेकूळ कुठं हे डोळे आणि नाक सांगतात. ते दोन्ही नसल्यावर जोनाथन जे तोंडाला लागेल ते तोडायचा, त्यात माती आणि वाळका पाला. तो खंगत गेला, चोचीची धार गेली. मग हॉलिन्स यांनी आठवड्यातून एकदा हातानं भरवायला सुरुवात केली: केळी, गाजर, काकडी, सफरचंद, लेट्यूस, हंगामात पेरू. भरवताना हातात जाड मोजे, कारण घास नक्की कुठं आहे हे त्याला दिसत नाही आणि चोच बेतानं मिटण्याची हमी नाही. काही काळातच अंग भरलं, चोचीला पुन्हा धार आली. या उपचाराचं मला फार मोल वाटतं. दोन संवेदना गेल्यानं प्राणी मरणाला टेकला होता, आणि दुसऱ्या दोन संवेदनांच्या, म्हणजे आवाजाच्या आणि स्पर्शाच्या, वाटेनं त्याला परत आणता आलं.

मान चोळलेली त्याला आवडते, हेही त्याच्या भोवतीची माणसं सांगतात. पण इथं सावध राहायला हवं. मानेवर कातडी आहे. मान चोळल्यावर तो ती लांब करून उभा राहतो, यावरून कवचाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. कवचाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळाच सोडवला पाहिजे.

बैलाचं शिंग

कासवाचं कवच समजावून सांगताना लोक घराची उपमा देतात. पाठीवर घर घेऊन फिरणारा प्राणी, वगैरे. ही उपमा मुलांच्या गोष्टीत शोभते, पण तिनं फार घोटाळा केला आहे. घरातून बाहेर पडता येतं. कासवाला कवचातून बाहेर काढणं म्हणजे माणसाला त्याच्या बरगड्यांतून बाहेर काढणं. कारण पाठीचं कवच म्हणजे त्याच्या बरगड्या आणि पाठीचे मणकेच आहेत, रुंद होऊन, एकमेकांना जुळून, कातडीतल्या हाडाशी एकजीव झालेले. वरचं आणि खालचं मिळून कवचात सुमारे ६० हाडं असतात. खांद्याची हाडं आपल्याकडे बरगड्यांच्या बाहेर आहेत, कासवात ती बरगड्यांच्या आत गेली आहेत. असं दुसऱ्या कुठल्याही कणा असलेल्या प्राण्यात नाही. चीनच्या ग्वेझोउ प्रांतात सापडलेलं आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेलं ओडोंटोकेलिस नावाचं सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचं कासव पाहा: पोटाचं कवच पूर्ण, पाठीचं मात्र अर्धवट, बरगड्या नुसत्या पसरट झालेल्या. बरगडीचं कवच होताना मधेच थांबलेलं पाहावं तसं ते दिसतं.

या हाडांच्या वर पातळ जिवंत कातडी असते. तिच्यात रक्तवाहिन्या आहेत, चेतातंतू आहेत. आणि त्या कातडीवर केराटिनचे पट्टे, म्हणजे आपली नखं आणि बैलाची शिंगं ज्याची बनतात तोच पदार्थ. आपल्याला वरून दिसतात ते हे पट्टे. खालच्या हाडांचे सांधे आणि वरच्या पट्ट्यांचे सांधे एकाखाली एक येत नाहीत. गवंडी वीटकामात सांधे जुळू देत नाही, त्याच कारणासाठी: भेग सरळ खाली उतरू नये.

म्हणून घराची उपमा टाकून मी बैलाच्या शिंगाची घेतो. शिंगाची रचना अशीच आहे: आत हाडाची खुंटी, तिच्यावर जिवंत पडदा, त्यावर केराटिनचं टणक आवरण. पोळ्याच्या आधी शिंगं साळून गुळगुळीत करणाऱ्याला विचारा. वरचा थर तासत असेपर्यंत बैल उभा असतो. हात जरा खोल गेला की मान झटकतो, आणि आणखी खोल गेला तर रक्त येतं. आणि नुसता हात शिंगावर ठेवला तरी बैलाला कळतंच. डोळे मिटून रवंथ करणाऱ्या बैलाच्या शिंगाला बोट लावून पाहा, कान हलतो.

केराटिनला स्वतःला काहीच कळत नाही. नखाला तरी कुठं कळतं? पण नखावर टिचकी मारली की ती नखाखालच्या मांसाला कळते, आणि नखाखाली कुसळ गेलं तर ब्रह्मांड आठवतं. टणक पापुद्रा दाब आणि थरथर खाली पोचवतो, खालचे चेतातंतू ती टिपतात. स्पर्शाला मऊ कातडीच लागते असं नाही. आंधळ्या माणसाची काठी जमिनीवर फिरते तेव्हा खडा काठीला लागतो आणि कळतो हाताला.

कासवाच्या कवचाबद्दल हे नुसतं अनुमान नाही. १९८६ मध्ये भूमध्य समुद्राच्या भागातल्या दोन जातींवर, हर्मनच्या आणि ग्रीक कासवावर, झालेला एक अभ्यास नेमका याच प्रश्नावर होता. पाठीचं आणि पोटाचं, दोन्ही कवचं स्पर्शाला आणि कंपनाला संवेदनशील आहेत, हे त्यातून पुढे आलं. पोटाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. कासव जमिनीवर बसतं तेव्हा त्याचं पोटाचं कवच मातीला टेकलेलं असतं. जवळून कुणी पाय आपटत गेलं की ती थरथर आधी तिथंच पोचणार.

पाठीचा नकाशा

कवचाला काहीतरी लागलं हे कळणं एक, आणि कुठं लागलं हे कळणं दुसरं. पाठीवर माशी बसली आहे एवढंच कळलं आणि कुठं ते कळलं नाही, तर हाताला हाकलता येणार नाही. कासवाला जागा कळते का? याचं उत्तर ज्या प्रयोगांतून मिळालं ते वाचताना मला जड जातं, पण त्यांनी जे दाखवलं ते इतकं विलक्षण आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॉल स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात लाल कानाच्या पाणकासवांवर हे काम केलं. हे तेच कासव, जे मुंबई-पुण्यात मत्स्यालयाच्या दुकानांत हिरव्या नाण्याएवढं असताना विकलं जातं आणि मोठं झालं की लोक जवळच्या तळ्यात सोडून येतात. प्रयोगात कासवाचा मज्जारज्जू वरच्या बाजूला तोडलेला असे, म्हणजे मागच्या अर्ध्या अंगाचा मेंदूशी संबंध नाही. मग गुळगुळीत टोकाच्या काचेच्या दांडीनं कवचाच्या बाजूला, पाठीचं आणि पोटाचं कवच जिथं जोडलेलं असतं त्या भागावर, हलकेच घासायचं. घासल्यावर त्याच बाजूचा मागचा पाय उचलला जातो, वळतो, आणि बरोबर त्या जागेपर्यंत पोचून ती जागा खाजवतो. स्पर्श झाला होता कवचाला. मेंदूपर्यंत काही पोचलंच नव्हतं. तरी पायाला पत्ता सापडला.

याहून पुढची गोष्ट अशी की जागेप्रमाणे खाजवण्याची तऱ्हा बदलते. पुढच्या बाजूला, कवचाच्या जोडावर स्पर्श झाला तर पाय पुढे ताणून पंज्याच्या वरच्या अंगानं घासतो. मांडीपुढच्या खळग्यात झाला तर गुडघ्याच्या बाजूनं. शेपटीजवळ झाला तर पाय मागे नेऊन टाचेकडच्या भागानं. अशा तीन तऱ्हा. आणि दोन भागांच्या सीमेवर स्पर्श केला, तर कधी एक तऱ्हा, कधी दुसरी, कधी एकीतून दुसरीत सरकत जाणारी. म्हणजे कवचाच्या त्या कडेचा नकाशा मज्जारज्जूतच मांडून ठेवलेला आहे, आणि नकाशातल्या हद्दी जिथं मिळतात तिथं तो दोन्हीकडची वाट धरू शकतो.

हे वाचल्यावर कवच ही मेलेली ढाल आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. बरगडी रुंद झाली, चपटी झाली, कवच झाली. पण तिच्याबरोबर येणारी चेता गेली नाही. ती आजही त्याच क्रमानं मज्जारज्जूला जाऊन मिळते.

पुन्हा आंघोळीकडे

आता हॉलिन्स यांच्या ब्रशाखाली उभ्या जोनाथनकडे परत येऊ. त्याच्या वयाच्या प्राण्याला काचेच्या दांड्या लावायच्या नसतात. आपल्याकडे आहे ते त्याचं वागणं, आणि इतर कासवांवरून कळलेली रचना. या दोन्हींच्या आधारानं किती म्हणता येईल?

ब्रश फिरत होता हे त्याला कळत होतं, हे मी नि:शंकपणे म्हणेन. ब्रशाचे केस केराटिनवर खरखरतात ती थरथर खाली जाते. आणि साबणाच्या पाण्याचा गारवाही खालच्या जिवंत थरापर्यंत हळूहळू पोचणार. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर हात गेला हेही त्याला समजत असावं. आंघोळीत कवच आणि कान हे दोन साक्षीदार एकाच वेळी बोलत असणार: डॉक्टरांचा ओळखीचा आवाज, आणि पाठीवरची खरखर.

तो शांत होता याचा अर्थ मात्र सांभाळून लावावा लागतो. कासव घाबरलं की काय करतं हे आपल्याला ठाऊक आहे. मान सुसकारा टाकून आत ओढतं, पाय आखडतं. तो सुसकारा म्हणजे रागाचा फूत्कार असतोच असं नाही. मान आत जाताना फुफ्फुसांतली हवा बाहेर ढकलली जाते, कारण बरगड्या जखडलेल्या असल्यानं छाती फुगवायला जागाच नाही आणि आतली जागा मान-पायांना फुफ्फुसांशी वाटून घ्यावी लागते. जोनाथन आत गेला असता तर हॉलिन्स यांच्यासारख्या अनुभवी माणसानं त्याला आवडलं असं म्हटलं नसतं. आवडणं हा शब्द मी त्या अर्थानं घेतो: प्राण्यानं स्वतःला मिटून घेतलं नाही.

महाकासवांच्या बाबतीत याला आणखी एक आधार आहे. गॅलापागोस बेटांवर फिंच नावाचे छोटे पक्षी महाकासवासमोर येऊन उड्या मारतात. कासव चारी पायांवर उंच उठतं, मान ताणतं आणि तसंच थांबून राहतं. पक्षी मग मांड्यांच्या, मानेच्या वळ्यांत शिरून गोचिड्या खातात. सेशेल्सकडच्या महाकासवांना सांभाळणारेही सांगतात की मानेला किंवा मागच्या पायांच्या मधल्या जागेला हात लावला की ती अशीच उठून उभी राहतात. प्राणिसंग्रहालयात तपासणी करताना याचा उपयोग करून घेतात. हा स्पर्श कातडीचा, हे मी वर म्हटलंच. पण यातून एवढं निश्चित कळतं की दुसऱ्याच्या हातून अंग साफ करून घेणं हे या प्राण्याच्या स्वभावात आहे. ते माणसानं शिकवलेलं नाही. वर्षानुवर्षांचं ओझं पाठीवरून उतरताना तो थांबून राहिला असेल, तर तो त्याच्या जुन्या रीतीला धरूनच.

आणि एक गोष्ट आंघोळीच्या पद्धतीबद्दल. लूफा आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश नाही, खरवडणी नाही, चमक यावी म्हणून तेल नाही. जमिनीवरच्या कासवांचे पट्टे वर्षावर्षानं नव्यानं येत नाहीत. जुन्याच्या कडेनं नवा थर वाढतो. शिंग साळताना हात खोल जाऊ द्यायचा नसतो, तसंच हे.

इथल्या पाठी

जोनाथनबद्दल वाचत होतो त्याच दिवसांत मी पुण्याच्या बाहेर एका बचाव केंद्रात काही वेळ जात होतो. तिथं वनखात्यानं जप्त केलेली स्टार कासवं होती. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेली ही कासवं बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आहे. तरी ती घराघरांत सापडतात. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, ही समजूत त्यांच्या मुळावर आली आहे.

त्यातल्या एका मादीच्या कवचाला मागच्या कडेला भोक होतं. पेन्सिल जाईल एवढं, आरपार. कुणीतरी ड्रिलनं पाडलेलं, आत साखळी अडकवून तिला गॅलरीत बांधून ठेवण्यासाठी. बांधणारा माणूस क्रूर असेलच असं नाही. बहुधा त्याला वाटलं असेल की आपण ढालीला भोक पाडतो आहोत. पण ती ढाल नव्हती. वरचं केराटिन संपल्यावर ड्रिल जिवंत कातडीत शिरलं असणार आणि मग हाडात. गाडीखाली येऊन किंवा कुत्र्यानं चावून कवच फुटलेलं कासव पशुवैद्याकडे आलं, तर तो आधी वेदनाशामक देतो, नंतर जोडकामाला लागतो. त्या मादीला ते कुणी दिलं नव्हतं. कवच फुटून वाचलेली कासवं मी नंतरही पाहिली, पण त्या एका गोल भोकाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

तिची देखभाल करणारे एक वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पहिल्या दिवशी मी तिला उचलायला गेलो आणि ती सुसकारा टाकून गच्च मिटली. मामा म्हणाले, “असं वरून हात नाही घालायचा. आधी बोलायचं.”

ते तिच्या समोरच्या बाजूला उकिडवे बसले. “चला बाई, आंघोळ करून घ्या,” असं म्हणून त्यांनी एक बोट तिच्या पाठीच्या पुढच्या कडेवर टेकवलं. टकटक केली नाही, नुसतं टेकवून ठेवलं. मग ते बोट तसंच न उचलता कडेकडेनं मागं नेलं, भोकाच्या अलीकडे थांबवलं आणि परत पुढं आणलं. दोनदा. आधी पुढच्या पायांचे खवले दिसले, मग नाक, मग एक डोळा.

मी विचारलं, “मामा, पाठीवर बोट फिरवलेलं हिला कळतं?”

“न कळायला काय झालं? मागं, त्या भोकाजवळ लावा बोट.”

मी लावलं. अगदी हलकं, भोकापासून दोन बोटं अंतरावर. मागचा पाय त्या बाजूला सरकला, कवचाच्या कडेला घासला आणि तिथंच अंगाशी घट्ट लागून राहिला. पुढचं तोंड बाहेरच होतं. मी बोट काढलं. जरा वेळानं पायही सैल झाला.

मामांनी उथळ पाटीत कोमट पाणी ओतलं, मऊ केसांचा जुना दातब्रश घेतला आणि मानेच्या बाजूच्या पहिल्या पट्ट्यापासून सुरुवात केली. एकेक चांदणी ओली झाली की पिवळी होत होती. मागच्या कडेशी आल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि तेवढा भाग नुसत्या ओल्या बोटांनी पुसून घेतला.